साक्री रोडवरचं स्पेअर पार्टचं दुकान आणि तोरणमाळच्या थंडीत टिकलेली वायपरची जोडी

मी तोरणमाळच्या पठारावर एका शाळेत विज्ञान शिकवते. घर धुळ्याला. पंधरा दिवसांनी सुटी लागली की पहाटे साडेपाचला गाडी काढायची, सातपायरीचा घाट उतरायचा आणि शहादा, सारंगखेडा, दोंडाईचा करत घर गाठायचं, असं आठ वर्षं चाललंय. या आठ वर्षांत गाडीचे टायर बदलले, बॅटरी बदलली, क्लच प्लेट बदलली. वायपरकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आपल्याकडे पाऊस तो किती, आणि वायपर लागतो पावसात, अशी माझी समजूत. ती गेल्या डिसेंबरात एका पहाटे मोडली आणि त्याच दिवशी धुळ्यात साक्री रोडवरच्या एका छोट्या दुकानात मला नीट समजावून सांगणारा माणूस भेटला. त्या दुकानाबद्दल आणि तिथे घेतलेल्या सिलिकॉनच्या वायपरबद्दल हे लिहितेय.

खान्देशात गाडीच्या काचेवर बर्फ, हे खाली जळगाव-भुसावळकडच्या माणसाला सांगितलं तर तो आपल्याकडे बघतच राहतो. मे महिन्यात 45 अंश सोसणाऱ्यांचा मुलूख हा. पण सातपुड्यात, तोरणमाळला आणि अक्कलकुव्याकडच्या डाबला, थंडीची लाट आली की दव गोठतं. गवतावर, गाडीच्या टपावर, पत्र्यावर पांढरा थर दिसतो. आमची मुलं तो ओंजळीत खरवडून वर्गात घेऊन येतात आणि बाकावर ठेवून विरघळताना बघतात. दरवर्षी एखादा तरी विचारतो, "मॅडम, थर्मामीटर तर चार अंश दाखवतोय, मग बर्फ कसा झाला?" प्रश्न रास्त आहे. वारा पडलेला असतो, आभाळ निरभ्र असतं, अशा रात्री काच आणि पत्रा स्वतःची उष्णता आभाळाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा जास्त गार होतात. हवा 3–4 अंशांवर असली तरी काच शून्याखाली जाऊ शकते. त्यातून थंड हवा जड, ती उतारावरून ओघळत खोलगट जागी साचते. माझी गाडी नेमकी क्वार्टरमागच्या खोलगट जागेत उभी असते.

त्या पहाटे काय झालं ते सांगते. आदल्या संध्याकाळी शहाद्याहून वर आले तेव्हा काच धुळीने माखली होती. पाण्याचा फवारा मारला, वायपर चालू केला आणि दमलेली होते म्हणून वायपर चालू असतानाच चावी काढून घेतली. पट्ट्या काचेच्या मधोमध थांबल्या, ओल्याच. रात्रीतून त्या काचेला चिकटून गोठल्या. पहाटे मी फक्त चावी फिरवली. वायपरच्या दांडीला हातही लावला नव्हता, पण दांडी आदल्या दिवसापासून चालूच होती ना. मोटरने आपलं काम सुरू केलं. आधी एक घुसमटलेला घुर्रर्र आवाज, मग कर्रकन काहीतरी फाटलं. शेजारच्या सीटकडचा वायपर सुटून वर आला तो निम्मी रबरपट्टी काचेवरच सोडून. उरलेली निम्मी केळीच्या खांबाचं सोपट लोंबावं तशी लोंबत होती. ड्रायव्हरकडचा तर हललाच नाही, नुसती मोटर आत फिरल्याचा आवाज.

आवाज ऐकून स्वयंपाकाच्या मावशी चुलीवरच्या गरम पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. त्यांची माया मला कळत होती, पण मी दोन्ही हात आडवे केले. गोठलेल्या काचेवर कढत पाणी पडलं की वरचा भाग एकदम फुगतो, शेजारचा गारच राहतो, आणि त्या ताणात काच तडकते. काचेवर आधीच खडीचा बारीकसा टवका उडालेला असेल तर तिथून तडा जायला वेळ लागत नाही. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून ती चुरा होऊन अंगावर पडत नाही. पण तडा गेला की सगळी काच बदलावी लागते. मी ऊन येईपर्यंत थांबले. प्लॅस्टिकच्या फूटपट्टीने काच खरवडली आणि घाटात चार वेळा गाडी बाजूला घेऊन फडक्याने पुसत उतरले. वळणावर कोवळा सूर्य समोर आला की ओलसर काच एकदम पांढरी होते, पुढचं काही दिसत नाही. त्या घाटात एका बाजूला दरी आहे. पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न वाजवत आले. माझ्यासोबत आमच्या शाळेच्या एक बाई होत्या, त्या शहाद्यापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

दुकान कुठे आहे ते सांगते. साक्री रोडला लागून एक अरुंद गाळा आहे, बाहेर जुन्या टायरांची उतरंड, आत छतापर्यंत फळ्या. फलक इतका उन्हाने उडालाय की नाव वाचता येत नाही. मालक पन्नाशीचे असतील. मी डिकीतून फाटकी पट्टी काढून काउंटरवर ठेवली. त्यांनी ती किमतीसाठी उलटीपालटी केली नाही. दोन बोटांत धरून दुमडली. दुमडलेल्या जागी रबर पांढरं पडलं आणि बारीक बारीक चिरा उघडल्या. मग ते म्हणाले, "ताई, हाई रबर उन्हायामाच मरी गयं व्हतं. हिवायामा तुम्हले फक्त समजनं."

म्हणजे रबर उन्हाळ्यातच मेलं होतं, हिवाळ्यात मला फक्त कळलं. हे वाक्य मी तेव्हापासून कितीतरी जणांना सांगितलंय. साधं रबर ऊन आणि उष्णतेने कडक होतं. धुळ्यात, शहाद्यात गाडी मे महिन्यात उघड्यावर उभी राहिली की काच हात लावू देत नाही, आणि ती पट्टी त्या काचेवर तासन्‌तास दाबलेली. तिचा मऊपणा तेव्हाच गेलेला असतो. पावसाळ्यात ती थोडी थरथरते, रेघा सोडते, आपण चालवून घेतो. थंडीत रबर आणखी कडक होतं, आणि काचेला चिकटून बसलं की वाकायच्या ऐवजी फाटतं. म्हणजे बर्फाने माझा वायपर मोडला हे अर्धंच खरं.

ड्रायव्हरकडच्या वायपरचं दुखणं वेगळं होतं. त्यांनी बुडाजवळची प्लॅस्टिकची टोपी काढली, नट दाखवला. वायपरचा आर्म ज्या दांड्यावर बसतो त्याला बारीक दाते असतात. पट्टी अडकलेली आणि मोटर जोर लावतेय, अशा वेळी आर्म त्या दात्यांवरून घसरतो. "नशीब समजा," असं म्हणत त्यांनी दाते ब्रशने साफ केले, आर्म जागेवर बसवून नट आवळला. फ्यूज काढून पाहिला, शाबूत होता. मोटर जळाली असती तर खर्च कुठल्या कुठे गेला असता. या सगळ्याचे 50 रुपये घेतले.

मग वायपर. त्यांच्याकडे तीन प्रकार होते. लोखंडी सांगाड्याचा साधा, फ्रेम नसलेला सपाट, आणि सपाटच पण सिलिकॉनच्या पट्टीचा. मी किंमत न विचारता सगळ्यात महागाचा द्या म्हटलं, तर त्यांनी आधी विचारलं, "गाडी रात्री कुठे असते?" तोरणमाळ म्हटल्यावर साधा सांगाडा बाजूला सारला. त्याच्या सांध्यांमध्ये पाणी शिरतं, तिथेच गोठतं, मग पट्टी काचेच्या गोलाईवर बसत नाही, कडा अधांतरी राहतात. सपाट वायपरला सांधे नाहीत, म्हणून गोठायला जागाही कमी. सिलिकॉन कडाक्याच्या थंडीत लवचीक राहतं आणि उन्हातही लवकर कडक होत नाही. मला त्यांचं म्हणणं पटलं ते या दुसऱ्या गुणामुळे. वरची थंडी दोन महिने, खालचं ऊन चार महिने, आणि माझी गाडी दोन्ही ठिकाणची.

ड्रायव्हरकडे 22 इंच, शेजारी 18. मिळून 1,300 रुपये झाले. साध्या जोडीच्या तिप्पट. फवाऱ्याच्या टाकीत घालायचं महागडं द्रव मी मागितलं, तर म्हणाले, ते आत्ता नको, घरी सॅनिटायझर असेल तर तेच वापरून बघा. दोन पैसे जास्त मिळत असतानाही जो ग्राहकाला थांबवतो, त्या दुकानदाराकडे मी पुन्हा जाणार. बसवून देतानाही त्यांनी घाई केली नाही. आर्म उभा करून खाली काचेवर जाड फडकं अंथरलं, कारण स्प्रिंगचा आर्म हातातून सुटून काचेवर आपटला तर काच जाते. काढणं-घालणं मला दोनदा करायला लावलं. आकडा सरकवला की टक्‌ आवाज यायला हवा, नाही आला तर बसला नाही असं समजायचं.

पहिली परीक्षा सोमवारी पहाटे परत जातानाच झाली. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेचे दिवस, घोडेबाजार भरलेला, रस्त्यावर ट्रक आणि टेंपोंची धूळ. तापीच्या पुलावर धुकं होतं. धूळ आणि दव मिळून काचेवर चिखलाचा पातळ लेप बसतो, जुना वायपर तो नुसता पसरवायचा. नव्याने दोन फेऱ्यांत काच स्वच्छ केली. पुलाच्या कठड्याशी उभी असलेली माणसं, त्यांच्या अंगावरच्या घोंगड्या स्पष्ट दिसल्या. आठ वर्षांत त्या पुलावर पहाटे मला इतकं दिसलं नव्हतं.

खरी परीक्षा जानेवारीत, लागोपाठ तीन रात्री दव गोठलं तेव्हा. पहिल्या रात्री मी मुद्दाम काही केलं नाही. फक्त वायपर जागेवर आणून बंद केले, मगच चावी काढली. पहाटे पट्टी काचेला चिकटलेली होती. अंगठ्याने कडेपासून हळूहळू उचलली, चिकटपट्टी सोडवावी तशी सुटत आली, कुठे फाटली नाही. दुसऱ्या रात्री आर्म उभे करून ठेवले. काचेवर बर्फ होता, पट्ट्या मोकळ्या. तिसऱ्या रात्री काचेवर जुनं सुती चादर-पोतं टाकून त्याची टोकं दारांत अडकवली. सकाळी चादर कडक झाली होती, पापडासारखी उचलून बाजूला ठेवली, खाली काच जवळजवळ कोरडी. मला हाच उपाय सगळ्यात आवडला, पैसेही लागत नाहीत. वारा असेल त्या रात्री मात्र आर्म उभे ठेवू नका.

सॅनिटायझरचं सांगायचं राहिलं. कोरोनाच्या वेळची आयसोप्रोपिल अल्कोहोलची, पाण्यासारखी पातळ अशी फवाऱ्याची बाटली घरात पडून होती. दोन भाग ते आणि एक भाग पाणी. काचेवर मारलं की अर्ध्या-एक मिनिटात थर भुसभुशीत होतो, फूटपट्टीने सहज निघतो. अल्कोहोल गोठायला पाण्यापेक्षा कितीतरी जास्त थंडी लागते, म्हणून हे जमतं. जेलची बाटली घेऊ नका, काचेवर चिकट ओघळ राहतात. आणि शेकोटीजवळ, विडीजवळ मुळीच नाही, ते पेट घेतं. आतून गरम हवा काचेकडे सोडायची ती आधी मंद, मग वाढवायची, सोबत एसी चालू. थंडीत एसी कशाला, असं आमच्या बाईंनी विचारलं. एसीमुळे आतली हवा कोरडी होते आणि श्वासाने धरलेली वाफ काचेवरून उतरते.

आता तक्रारी. कोरड्या काचेवर हे वायपर पहिले आठ-दहा दिवस चर्रचर्र आवाज करत होते. दुकानात विचारलं तर काच आधी साबणाने नीट धुवा म्हणाले, धुतल्यावर बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. दुसरं म्हणजे शेजारच्या बाजूचा 18 इंची वायपर वरच्या कोपऱ्यात बोटभर रुंदीची रेघ सोडतो. ड्रायव्हरच्या नजरेत ती येत नाही, पण 1,300 रुपये दिल्यावर ती रेघ मला खुपते. आर्मच वाकलाय की पट्टीत दोष आहे, ते अजून कळलं नाही. आणि खोक्यावर मराठीत एक अक्षर नाही. बसवायचं चित्र इतकं बारीक आहे की दुकानदाराने हातात धरून शिकवलं नसतं तर मी तो आकडा मोडला असता. फाटकी पट्टी मी फेकली नाही. इयत्ता सातवीच्या वर्गात दिली. मुलांनी ती दुमडून, ताणून पाहिली, मग नव्या पट्टीचा कापलेला तुकडा शेजारी ठेवला. एका मुलीने सांगितलं की तिच्या बाबांच्या ट्रॅक्टरच्या पाइपलाही अशाच चिरा पडल्यात.

त्याच आठवड्यात मी त्यांना एक गोष्ट सांगितली. 1903 साली अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी काच पुसायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. न्यूयॉर्कला हिवाळ्यात ट्राममध्ये बसल्या असताना बर्फाळ पावसात चालकाला समोरचं दिसावं म्हणून काच उघडी ठेवावी लागते, हे त्यांनी पाहिलं होतं. आतून दांडी फिरवली की बाहेर रबराची पट्टी फिरायची. ऐकल्यावर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे मॅडम, वायपर आधी बर्फासाठीच होता." मी मान हलवली.

येत्या सुटीला पुन्हा साक्री रोडला जाणार आहे. रेघ सोडणारा वायपर दाखवायचाय. शाळेतल्या दोन सरांच्या गाड्यांची मापंही फूटपट्टीने घेऊन ठेवलीत: एकाची 24 आणि 16, दुसऱ्याची 20 आणि 18. मावशींनी सांगितलंय, चादरीसाठी जुनं लुगडं देईन, ते जास्त रुंद आहे.