जुना लॅपटॉप, मिनी पीसी, रास्पबेरी पाय की नॅस? मराठवाड्यातल्या घरात मीडिया सर्व्हर कशावर टाकायचा

लग्नाचे व्हिडिओ, सप्त्यातल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग, सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो, हे एका जागी ठेवून टीव्हीवर बघायचं तर घरी मीडिया सर्व्हर, म्हणजे हे सगळं साठवून टीव्ही-मोबाईलला पुरवणारं मशीन, पायजेच. पण कोणतं मशीन घ्यावं ह्याचे जे व्हिडिओ सापडतात ते लाईट न जाणाऱ्या शहरातल्या लोकांनी केलेले असतात. आपल्याकडं परभणी, नांदेड कुठंही बघा, मे महिन्यात पारा 42 च्या वर आणि वळवाचं वारं सुटलं की लाईट गेली, म्हणून मी आधी लाईट आणि ऊन बघायलोय, प्रोसेसर त्याच्यानंतर.

घरात जुना लॅपटॉप पडून असेल अन् त्याची बॅटरी तासभर जरी टिकत असेल तर दुसरं काही घेऊ नका. बॅटरी म्हणजे आतच बसवलेला यूपीएस, लाईट गेली तरी सर्व्हरला पत्ताही लागत नाही. फक्त प्रोसेसर इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा पुढचा बघा, कारण 10 बिट एचईव्हीसी (कमी जागेत बसणारा, जास्त रंगछटांचा) व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडायची सोय तिथून आली, सहाव्या पिढीत 8 बिटपर्यंतच आहे. अडचण उन्हाळ्याची. चोवीस तास चार्जरला लावलेली बॅटरी गरम खोलीत फुगते, टचपॅड वर उचललेला दिसला की लगेच बंद करून बॅटरी काढून घ्या, तो धोका अजिबात अंगावर घेऊ नका. चार्जिंग 60 ते 80 टक्क्यांवर थांबवायची सेटिंग लै लॅपटॉपमध्ये असते, ती पहिल्याच दिवशी लावा. आणि मशीन पत्र्याच्या खोलीत किंवा कूलरच्या ओल्या हवेसमोर नको.

नवीन घेणार असाल तर इंटेल एन100 वाला मिनी पीसी. चिपचं टीडीपी, म्हणजे उष्णतेचं ठरवलेलं माप, 6 वॅट, क्विक सिंक ही इंटेलची व्हिडिओची हार्डवेअर सोय आहे, टीव्हीला न चालणारा व्हिडिओ चालू चालू बदलून देतो, आणि एक गोष्ट लॅपटॉपला जमत नाही ती ह्याला जमते. सहा-सात तास लाईट गेली, सगळं बंद पडलं, तर लाईट आल्यावर हा आपोआप सुरू होतो, बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) तशी सोय बहुतेकांत असते. बहुतेक लॅपटॉपचं बटण मात्र कुणीतरी दाबावं लागतं, म्हणजे तुम्ही पुण्याला नोकरीला अन् सर्व्हर गावाकडं आई-बाबांजवळ असेल तर मिनी पीसीच बरा.

पण मिनी पीसीला बॅटरी नाही, इन्व्हर्टरवर टाकायचा तर लाईट जाता-येता तो रिस्टार्ट होऊ शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस आणि इको असा स्विच असतो, तो यूपीएसवर ठेवला की बदल झटकन होतो. खेड्यात संध्याकाळी पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, आणि यूपीएस मोडमध्ये साधारण 180 व्होल्टच्या खाली इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, लाईट असूनही बॅटरी संपत राहते. तिथं मिनी पीसीला वेगळा छोटा यूपीएस घ्या, राउटरलाही त्यावरच जोडा.

रास्पबेरी पाय 5, म्हणजे हाताच्या तळव्याएवढं छोटं कॉम्प्युटर, मला ह्या कामाला पटत नाही. त्यात एच.264 ह्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या व्हिडिओ प्रकाराचा हार्डवेअर डिकोडर (उलगडणारा भाग) नाही, व्हिडिओ बनवायचा एन्कोडर तर कोणताच नाही, आणि वारंवार लाईट जाण्यानं एसडी कार्डावरचा डेटा खराब होतो. दोन डिस्कचा तयार नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी, फोटो सांभाळायला उत्तम, पण स्वस्त मॉडेलचा प्रोसेसर व्हिडिओ बदलायला कमी पडतो.

बिलाचंही बघा. 10 वॅटचं मशीन महिनाभर चालू ठेवलं तर 7 युनिट, 60 वॅटचा जुना डेस्कटॉप 43 युनिट. महावितरणचा घरगुती दर 100 युनिटच्या पुढं एकदम वाढतो, त्यामुळं जुना डेस्कटॉप फुकट मिळाला तरी फुकट पडत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये मी सरळ जेलीफिन सांगतो. 2018 च्या शेवटी एम्बी ह्या दुसऱ्या मीडिया सर्व्हरच्या सॉफ्टवेअरपासून वेगळं निघालेलं, पूर्ण मोफत, हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसकट (व्हिडिओ चालू चालू बदलणं). प्लेक्स हे दुसरं तसलंच सॉफ्टवेअर दिसायला छान, पण ट्रान्सकोडिंगच्या त्या सोयीला पैसे देऊन प्लेक्स पास घ्यावा लागतो आणि 2025 पासून घराबाहेरून स्वतःचेच व्हिडिओ बघायलाही पैसे आहेत. जेलीफिनचं लॉगिन घरातल्या घरात असतं, रस्ता खोदताना फायबर तुटला तरी टीव्हीवर सगळं चालू. बाहेरून बघायला टेलस्केल हे घरच्या नेटवर्कशी खासगी जोडणी करून देणारं ॲप टाका, आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा थेट पत्ता) नसतो, तरी ते चालतं.

आणि मशीन कोणतंही घ्या, दुसऱ्या डिस्कचे पैसे आधी बाजूला काढा. रेडमध्ये, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवायच्या पद्धतीत, दोन डिस्क असल्या तरी चुकून डिलीट केलेली फाईल दोन्हीकडून जाते, म्हणून लग्नाची अन् फोटोंची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर घेऊन मामाकडं किंवा बहिणीकडं ठेवा, दिवाळीला गेलात की नवीन टाकून आणा.