जुन्या नॅशनल बँक नोटांसाठी १० एक्सचं (दहापट मोठं दाखवणारं) भिंग, बरेच महिने वापरल्यावर

आयोवात राहायला आल्यापासून इथल्या छोट्या गावांच्या नॅशनल बँक नोटांचा नाद लागलाय, त्यासाठीच हे एलईडीवालं ट्रिपलेट (तीन काचा जोडलेलं) भिंग घेतलं. हिवाळाभर रोज हातात होतं, तेव्हा आता खात्रीने लिहितो.

ज्यांना या नोटा माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात, १८६३ ते १९३५ या काळात अमेरिकेत गावोगावच्या बँकांना सरकारी बाँड तारण ठेवून स्वतःच्या नावाच्या नोटा काढता यायच्या. 'फर्स्ट नॅशनल बँक' हे नाव गावागणिक सापडतं, म्हणून गावाच्या नावासोबत चार्टर नंबर, म्हणजे सरकारने त्या बँकेला दिलेला नोंदणी क्रमांक, बघायचाच. मळलेल्या, हजार हातांतून गेलेल्या नोटेवर तो आकडा ३ आहे की ८ हे हे भिंग एकदम स्वच्छ दाखवतं, कडेलाही आकडे वाकडे दिसत नाहीत.

१९२९ च्या सिरीजमध्ये टाइप १ ला चार्टर नंबर फक्त काळ्यात असतो आणि नोटेच्या सीरियल नंबरच्या शेवटी ए असतो, टाइप २ ला तोच नंबर तपकिरी शाईत आणखी दोनदा येतो आणि शेवटचं अक्षर नसतं. हे नुसत्या डोळ्यांनीही कळतं, त्यासाठी भिंग घेऊ नका.

खरी मजा १९०२ च्या सिरीजच्या, आकाराने मोठ्या नोटांवर. राष्ट्राध्यक्ष मॅककिन्लीचं चित्र असलेली दहा डॉलरची नोट घ्या, खाली बँकेच्या कॅशियर आणि प्रेसिडेंटच्या सह्या, कधी पेनाने केलेल्या, कधी रबरी शिक्क्याच्या. शिक्क्याची शाई उडून जाते आणि मग कुणीतरी ती सही नव्याने गिरवून नोट 'छान' करून विकतं. भिंगाखाली बघा, घडीवर जिथे कागदाचे तंतू उसवलेत तिथे नंतर भरलेली शाई आत पसरलेली दिसते, मूळ सही मात्र घडीबरोबर झिजून तुटलेली असते. एवढ्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल झाले असं मी म्हणेन. टाचणीची भोकं, चिकटवलेली फाट, कापून सरळ केलेली कड हेही लगेच कळतं.

नावडलं ते म्हणजे लाइट. फार निळसर आहे, त्यात नोटेवरचं तपकिरी सील (छापील शिक्का) करडं दिसतं, मी तो बंद ठेवून खिडकीशी, नोट जरा तिरकी धरून बघतो. झाकणाचा स्क्रूही मधूनमधून आवळावा लागतो.

३० एक्सच्या मागे लागू नका, त्यात अख्खी सही एका वेळी दिसतच नाही.