फोनवरचा ‘येस’ म्हणजे सहीच: माझ्या किचनच्या विजेचा करार

लंडनच्या हॅरो भागात मी डबे आणि फराळाचं छोटं किचन चालवते. मी आणि हाताखाली दोघी. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या ऑर्डरींची धांदल चालू असताना, दुपारी फोन वाजला. हाताला भाजणीचं पीठ, कढईत चकल्या. फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

समोरचा मुलगा हिंदीत बोलायला लागला. ‘दीदी, मी तुमच्या वीज कंपनीकडूनच बोलतोय. करार संपत आलाय, पुढे दर वाढणार आहेत. आज दर लॉक केला तर जुन्याच्या आसपास मिळेल.’ माझा मीटर नंबर त्याला माहीत होता, करार संपायची तारीख माहीत होती. हे बाहेरच्याला कळू शकतं, असं मनातही आलं नाही. मग म्हणाला, ‘आता एक छोटं रेकॉर्डिंग होईल, निव्वळ फॉर्मॅलिटी. मध्ये काही विचारलंत तर पहिल्यापासून सुरू करावं लागेल. बस, येस बोलते जाना.’ आणि लगेच भाषा बदलली. भराभर इंग्रजी सुरू झालं. मी चकल्या उलटत येस म्हणत गेले.

जानेवारीत बिल आलं ते दुसऱ्याच कंपनीचं. जुना दर युनिटला 25 पेन्स होता, हा 34. मुदत तीन वर्षं. माझं किचन वर्षाला साधारण 20,000 युनिटं खातं. म्हणजे दरवर्षी 1,800 पौंड जास्त, तीन वर्षांत 5,400. पुढे हेही कळलं की त्या 34 पेन्समधले 4 पेन्स ब्रोकरचं, म्हणजे मला फोन करून करार मिळवणाऱ्या दलालाचं, कमिशन होतं, दरातच मिसळलेलं.

मी तावातावानं त्या नव्या कंपनीला फोन केला. कागद नाही, सही नाही, एक पेनी दिलेली नाही, मग करार कसला? त्यांनी काही वाद घातला नाही, रेकॉर्डिंग ईमेल केलं. रात्री किचन बंद करून गाडीत बसून ऐकलं. मागे एक्झॉस्टची घरघर, तेलाचा चर्र आवाज, आणि माझा आवाज. नऊ वेळा येस. आठवा प्रश्न असा होता: हा कायद्यानं बंधनकारक करार आहे आणि मुदतीआधी रद्द करता येणार नाही, हे तुम्हाला समजलं का? येस. त्या रात्री मला झोप लागली नाही.

एक मैत्रीण सॉलिसिटरच्या (वकिलाच्या) ऑफिसात काम करते. तिनं समजावलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण आपल्यातले बहुतेक जण माझ्यासारखेच समजतात. स्टॅम्प पेपर, दोन साक्षीदार आणि सही झाल्याशिवाय काही पक्कं नसतं, हे आपल्या हाडीमाशी भिनलंय. (खरं तर आपल्याकडच्या 1872 च्या करार कायद्यातही तोंडी करार चालतो. तो कायदा इंग्रजी कायद्यावरच बेतलेला आहे. स्टॅम्प पेपर म्हणजे मुख्यतः सरकारचं शुल्क.) इंग्लंडमध्ये करार व्हायला एका बाजूचा ठाम प्रस्ताव लागतो आणि दुसऱ्या बाजूचा त्याला जसाच्या तसा होकार. दोघांनी एकमेकांना काही मोबदला द्यायला हवा, पण तो हातात पडायला लागत नाही, नुसतं वचन पुरतं. ते वीज देणार, मी पैसे देणार, झाला मोबदला. अटी पुरेशा स्पष्ट हव्यात, आणि बांधून घ्यायचा हेतू हवा. घरातल्या घरात दिलेल्या शब्दामागे असा हेतू नाही असं धरून चालतात, धंद्यातल्या व्यवहारात तो आहे असंच धरतात. लेखी करार काही ठरावीक बाबतींतच लागतो: जमीन किंवा घराची विक्री, कोणाला जामीन राहणं. जामिनाचा नियम तर 1677 चा. पण लेखी म्हणजे काय, तेही ऐका. 2012 साली गोव्यातल्या एका खाण कंपनीच्या खटल्यात लंडनच्या अपील कोर्टानं ईमेलच्या साखळीलाच जामिनाची लेखी, सही केलेली हमी मानलं. 2025 मध्ये नॉरिचमधली एक इमारत पाडायच्या कामाचा करार व्हॉट्सॲपवरच्या मेसेजांनी झाला, असं हायकोर्टानं ठरवलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. माझ्या मनात येस म्हणजे ‘हं, ऐकतेय’ एवढंच होतं. पण कोर्ट मनात काय होतं ते विचारत नाही. शब्द ऐकणाऱ्या सर्वसाधारण शहाण्या माणसानं त्याचा अर्थ काय घेतला असता, ते बघतं. हे 1871 पासून चालत आलंय. आणि ते चौदा दिवसांत करार मोडायचे नियम? ते घरगुती ग्राहकाला. किचनचं मीटर धंद्याचं, म्हणून मला ते मिळाले नाहीत.

पण करार झाला असला, तरी खोटं बोलून मिळवलेला करार मोडता येतो. त्यासाठी 1967 चा कायदा आहे. ‘तुमच्या कंपनीकडूनच बोलतोय’ हे साफ खोटं होतं. अडचण एवढीच की कंपनीनं पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त इंग्रजी प्रश्नोत्तरं होती, आधीचं हिंदी बोलणं नव्हतं. ते ब्रोकरकडे. माझा धंदा माझ्या एकटीच्या नावावर असल्यामुळे माझ्या आवाजाचं रेकॉर्डिंग ही माझी वैयक्तिक माहिती ठरते, आणि ती मागितली की साधारण महिन्याभरात द्यावी लागते. पहिल्यांदा ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं. मी परत लिहिलं. मग अकरा मिनिटांची फाईल आली, आणि त्यात ते वाक्य जसंच्या तसं होतं.

तक्रारीला आठ आठवडे उलटूनही तोडगा निघाला नाही, म्हणून ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, गेले. तेव्हा, 2024 मध्ये, दहापेक्षा कमी माणसांच्या छोट्या धंद्याला हा मार्ग मोकळा होता, वकील लागत नाही. 2022 पासून अशा धंद्याला कराराच्या अटींबरोबर ब्रोकरचं कमिशन सांगणं बंधनकारक आहे, तोही मुद्दा मी मांडला. सप्टेंबर 2024 मध्ये दंड न भरता करारातून सुटले. नऊ महिन्यांच्या कमिशनचे 600 पौंड परत आले. जादा दराचे उरलेले 750 गेले ते गेलेच.

यंदा पाण्याच्या बिलासाठी तसाच फोन आला. मी म्हटलं, ‘दर, मुदत आणि तुमचं कमिशन ईमेलवर पाठवा, फोनवर मी कशालाच मान्यता देत नाही,’ आणि ठेवला. नंतर ईमेल आली: सात दिवसांत उत्तर नाही आलं तर मान्य समजू. असा होकार धरता येत नाही. पुतण्या गप्प बसला म्हणजे त्यानं आपल्याला घोडा विकला, असं धरून चाललेल्या काकाला इंग्रजी कोर्टानं 1862 मध्येच नाही म्हटलंय. तरी मी त्याच संध्याकाळी दोन ओळींत नकार कळवला आणि ती ईमेल जपून ठेवली.

तुमच्या दुकानाचा, सलूनचा, किचनचा असा करार झाला असेल तर आजच ब्रोकर आणि कंपनी, दोघांनाही लिहा: माझ्या नंबरवर झालेल्या सगळ्या फोनची रेकॉर्डिंग पाठवा, करारापूर्वीच्या बोलण्यासकट. ‘करारापूर्वीच्या’ हा शब्द गाळू नका.