टिळकवाडीतलं जुन्या पुस्तकांचं दुकान, आणि तिथं सापडलेला वासिल स्तुस

पावसात भिजत गेलेलो, फक्त बारावीची गाईड बघायला, आणि काकांनी खालच्या थप्पीतनं हे काढून दिलं, म्हणाले "तू कविता वाचतोस न्हवं, हे ने की." युक्रेनच्या वासिल स्तुसच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर, १२० रुपये. मधली चार पानं ओल लागून चिकटलेली, ते आधी सांगायला पाहिजे होतं, पण बाकी पुस्तक एकदम भारी.

हा माणूस १९३८ चा, वाढला पूर्व युक्रेनच्या दोनेत्स्कमध्ये, जिथं सगळीकडं रशियन चालायची, आणि हा शाळेत युक्रेनियन शिकवायचा. आमच्या खेड्यातल्या मराठी शाळेचे गुरुजीच डोळ्यासमोर आले बघा. १९६५ मध्ये कीवच्या एका थेटरात सोव्हिएत सरकारच्या युक्रेनियन विचारवंतांवरच्या अटकसत्राविरुद्ध उघड उभा राहिला म्हणून पीएचडी गेली, १९७२ ला अटक, ५ वर्षं सक्तमजुरीचा कॅम्प नि ३ वर्षं हद्दपारी, सुटून आल्यावर गप्प बसला असता तर वाचला असता पण हा मानवी हक्कवाल्यांच्या गटात गेला, १९८० ला परत आत, यावेळी १० वर्षं कॅम्प नि ५ वर्षं हद्दपारी. कॅम्पमध्ये लिहिलेलं जप्त व्हायचं, म्हणून बायकोला पाठवायच्या पत्रांत कविता घालायचा. शेवटची वही आजपर्यंत मिळालेली नाही. ४ सप्टेंबर १९८५ ला रशियातल्या पर्मच्या कॅम्पमध्येच वारला, ४७ वर्षांचा.

हे वाचून मी रात्री दोनला लाईट बंद केला.

दुकानात भाव वाजवी, काका घाई करत नाहीत. कविता मागायच्या असतील तर सकाळी जावा, संध्याकाळी शाळेच्या पोरांची गर्दी असते. पान उघडून ओल मात्र बघून घ्या.