दुर्गाबाई आधी की हंसाबाई? दोन आत्मचरित्रं, दोन वाटा

बोलपटाच्या पहिल्या काळातल्या मराठी नट्यांबद्दल वाचायचं मनात आलं की दोन पुस्तकांची नावं हमखास पुढे येतात: दुर्गा खोटे यांचं ‘मी, दुर्गा खोटे’ आणि हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’. दोन्ही एकदम हातात घेणारे थोडे. बहुतेकांना एकापासून सुरुवात करायची असते आणि कोणतं आधी, हे ठरत नाही. माझं मत सरळ आहे. आधी हंसाबाई, मग दुर्गाबाई. काही वाचकांसाठी मात्र क्रम उलटा बरा, त्याबद्दल पुढे सांगते.

दुर्गाबाई 1905 साली मुंबईत जन्मल्या, माहेरच्या लाड. वडील सॉलिसिटर, घरात इंग्रजी वळणाचं वातावरण, शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्समध्ये. सासरही तसंच तालेवार. पुढे त्या श्रीमंतीला उतरती कळा लागली, पदरात दोन मुलगे होते, आणि कमावणं भाग पडलं. 1931 च्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी छोटं काम केलं आणि समाजात गहजब झाला. मोठ्या घरची बाई पडद्यावर आली, ही त्या वेळी बातमीच होती. दुसरी कुणी असती तर तिथेच थांबली असती. पण 1932 साली ‘प्रभात’ फिल्म कंपनीने पहिला मराठी बोलपट काढला, ‘अयोध्येचा राजा’, आणि दिग्दर्शक शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम) तारामतीच्या भूमिकेसाठी दुर्गाबाईंना घेतलं. पार्श्वगायन तेव्हा आलेलं नव्हतं, त्यामुळे गाणीही स्वतःच म्हणायची. समोर हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे.

हंसाबाईंचा जन्म 1923 चा, मूळ नाव रतन साळगावकर. आजीकडून आलेला वारसा कलावंतिणीचा. घरात पैशाची चणचण, आणि मुलगी दिसायला चांगली, गळ्यात सूर. 1936 साली ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटात ती उभी राहिली तेव्हा तेरा वर्षांची होती. सिनेमात घराण्याचं नाव नको म्हणून साळगावकर आडनाव मागे पडलं आणि वाडकर लागलं. दोन्ही पुस्तकं वाचताना हे मनात असू द्या. दुर्गाबाईंच्या घराण्याच्या प्रतिष्ठेमुळे सिनेमाला वजन आलं. सिनेमामुळे घराण्याला बट्टा लागेल म्हणून हंसाबाईंचं आडनावच झाकलं गेलं. दोघींनी पाय ठेवला तो धंदा एकच. आत शिरायची दारं मात्र वेगळी, आणि पुढचं सगळं त्या दारांवरून ठरत गेलेलं दिसतं.

हंसाबाईंचं पुस्तक आधी घ्या म्हणते याचं पहिलं कारण साधं आहे. ते छोटं आहे, एका बैठकीत संपतं. त्यांनी सांगितलं आणि अरुण साधू यांनी शब्दांकन केलं, त्यामुळे बाई समोर बसून बोलते आहे असंच वाटत राहतं. एक प्रसंग सांगता सांगता दुसरा आठवतो, मध्येच एखादं माणूस येऊन जातं, मध्येच राग. सनावळ्या शोधायच्या असतील तर हे पुस्तक उपयोगाचं नाही. पण लहान वयात घरची मिळवती झालेल्या मुलीचं काय होतं, ते इतकं उघडपणे मराठीत त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. लग्न झालं की सिनेमा सुटेल, आपला संसार करू, अशी तिची आशा होती. झालं भलतंच. लग्नानंतरही शूटिंग चालूच राहिलं, कारण घर तिच्याच कमाईवर चाललं होतं. मूल हवं होतं तेव्हा ते होऊ दिलं नाही, दारू जवळ आली, घर सुटलं. एका माणसाबरोबर ती निघून गेली आणि मराठवाड्यातल्या एका गावात त्याच्या घरात पडद्याआड अडकून पडली. ‘संत सखू’ चित्रपटातली सखू जिने केली, ती नटी चार भिंतींच्या आत, आणि बाहेर पडायचं तर नवऱ्यालाच निरोप धाडावा लागतो. वाचताना अंगावर येतं. सांगणारी मात्र रडत नाही, कुणाची दयाही मागत नाही. स्वतःच्या चुका ती त्याच सुरात सांगते. माझ्या लेखी या पुस्तकाचं मोठेपण तिथे आहे.

आता दुर्गाबाई. हे पुस्तक 1982 चं, म्हणजे बाईंच्या हातून सुमारे दोनशे चित्रपट, नाटकं आणि स्वतःची निर्मितीसंस्था असं सगळं होऊन गेल्यानंतरचं. भाषा नेटकी, सुसंस्कृत, कुठे आवाज चढत नाही. सिनेमाचा धंदा आतून कसा चालायचा हे जाणून घ्यायचं असेल तर हंसाबाईंपेक्षा इथे कितीतरी जास्त मिळेल. कोल्हापूरची ‘प्रभात’, कलकत्त्याची ‘न्यू थिएटर्स’ आणि ‘ईस्ट इंडिया’, असं सगळीकडे त्यांनी काम केलं. नटनटी कंपनीच्या पगारावर बांधलेल्या असायच्या त्या काळात, एकाच कंपनीला जन्मभर बांधून न घेता ही बाई स्वतःच्या अटींवर काम करत होती. 1937 साली ‘साथी’ या चित्रपटाची निर्मितीही केली. पुढे लघुपट आणि जाहिरातपटांची संस्था उभी केली. टीव्हीवरची ‘वागले की दुनिया’ पाहिलेल्या किती जणांना ठाऊक असतं की ती मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती?

पण या पुस्तकात गाळलेल्या जागा पुष्कळ आहेत. कामाबद्दल बाई भरभरून बोलतात, मनाबद्दल बेतानं. मुलगा हरीन तरुणपणीच गेला. ते दुःखही त्या आवरत्या शब्दांत मांडतात. (हरीनच्या पत्नी पुढे विजया मेहता म्हणून रंगभूमीवर मोठ्या झाल्या.) आधी हंसाबाई वाचा म्हणते ते खरं तर यासाठीच. हंसाबाईंनी जे बोलून टाकलं, ते ऐकून मग दुर्गाबाईंकडे या. मग त्या जिथे थांबतात, विषय बदलतात, तिथे तुमचंही लक्ष जातं. प्रतिष्ठित घरातली बाई काय बोलू शकत होती आणि काय नाही, हे तेव्हाच कळतं. उलट क्रमाने वाचलं तर दुर्गाबाईंचा संयम नुसता सभ्यपणा वाटतो आणि हंसाबाईंचा मोकळेपणा नुसता सनसनाटी. दोघींवरही तो अन्याय होईल.

चित्रपटांचं म्हणाल तर इथे पारडं दुर्गाबाईंकडे झुकतं. 1936 च्या ‘अमरज्योती’तली त्यांची सौदामिनी जरूर बघा. अन्यायाने पेटून समुद्रावर चाचेगिरी करणारी ही बाई, सत्तेतल्या पुरुषाचा पाय तोडायचा हुकूम देते आणि पापणी लववत नाही. उंच बांधा, ताठ मान, शब्द तोलून टाकायची पद्धत. त्या काळच्या पडद्यावर बहुतेक नायिका नवऱ्याच्या पायाशी बसलेल्या असताना हे किती वेगळं दिसलं असेल! मग 1960 चा ‘मुघल-ए-आझम’ लावा आणि नवरा आणि मुलगा यांच्यात सापडलेली जोधाबाई बघा. मधल्या चोवीस वर्षांत चेहरा बदलला, मान तशीच. 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला तो अशा सगळ्या कामाचा.

हंसाबाईंची कारकीर्द छोटी, पण दोन चित्रपट असे आहेत की मराठी सिनेमाची वाटच बदलली. 1947 चा ‘लोकशाहीर रामजोशी’, त्यात रामजोशीच्या भूमिकेत जयराम शिलेदार आणि बयाच्या भूमिकेत हंसाबाई. फडावर सवाल-जवाब रंगतात तेव्हा तिची नजर पाहा. शब्द संपायच्या आत तिचं उत्तर डोळ्यांत आलेलं असतं. तमाशापटांची जी रांग पुढे लागली तिची सुरुवात इथली. आणि 1959 चा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’, जो पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये अडीच वर्षं उतरलाच नाही. आत्मचरित्राला नाव दिलं ते याच चित्रपटाचं. पुस्तक 1970 साली आलं आणि थोड्याच काळात, पन्नाशीच्या आत, हंसाबाई गेल्या.

‘भूमिका’ आधी बघू का, असं पुष्कळ जण विचारतात. श्याम बेनेगल यांनी हंसाबाईंच्या आत्मचरित्रावरून 1977 साली काढलेला चित्रपट तो. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो सर्वार्थाने त्यांचा होता. पण पुस्तक आधी वाचा. चित्रपटाने त्या आयुष्याला घाट दिला आहे, माणसं बदलली आहेत, काही टोकं जुळवली आहेत. एकदा स्मिता पाटील डोळ्यांसमोर बसल्या की पानापानावर त्याच दिसतात आणि हंसाबाईंचा स्वतःचा आवाज मागे पडतो.

आता उलटा क्रम कुणासाठी? चित्रपटाचा इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्याने दुर्गाबाईंपासून सुरुवात करावी, स्टुडिओंची जगरहाटी आधी समजते. शाळेतल्या, कोवळ्या वयाच्या मुलीला भेट द्यायचं असेल तरीही दुर्गाबाईच. हंसाबाईंच्या पुस्तकात अत्याचाराचे प्रसंग आहेत, ते वाचायला थोडं वय हवं. घरातल्या आजारी किंवा खचलेल्या माणसाच्या हातीही ते न विचारता ठेवू नये. परदेशात वाढलेल्या, मराठी वाचन अडखळत होणाऱ्या मुलांसाठी दोन्हींचे इंग्रजी अनुवाद आहेत. दुर्गाबाईंचा शांता गोखले यांनी केला आहे आणि तो मूळच्या तोलाचा आहे. हंसाबाईंचं मात्र जमेल तितकं मराठीतच वाचावं, मोठ्याने वाचून दाखवलं तर आणखी चांगलं, कारण ते बोललेलंच आहे.

दोन्ही संपल्यावर भूक राहिली तर पुढे तीन नावं. लीला चिटणीस यांचं ‘चंदेरी दुनियेत’ घ्या, बॉम्बे टॉकीजची नायिका ते हिंदी सिनेमाची आई हा प्रवास त्यात आहे. शांता आपटे यांनी 1940 मध्येच, ऐन उमेदीत, सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी ‘जाऊ मी सिनेमांत?’ लिहिलं. याच बाई करारावरून भांडण झालं तेव्हा ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या, त्यामुळे लिहिण्याचा अधिकार पुरेपूर होता. मिळालं तर सोडू नका. आणि शांता हुबळीकर, 1939 च्या ‘माणूस’मधली मैना. त्यांच्या गाण्याचं नाव घेतलेलं आत्मचरित्र ‘कशाला उद्याची बात’ 1990 चं. अखेरचा काळ त्यांनी वसईच्या वृद्धाश्रमात काढला. ते पुस्तक हंसाबाईंच्या लगेच पाठोपाठ घेऊ नका. मध्ये दुर्गाबाई वाचा, हुबळीकरबाई तिसऱ्या.