ढोल, श्वास की योगनिद्रा? डोळे मिटल्यावर काळोखच दिसणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर लागला की गोव्यात हरमल, मांद्रे, हणजूणकडच्या कॅफेंच्या भिंतींवर कागद चिकटू लागतात. ढोलाच्या तालावर मनातल्या मनात करायचा प्रवास म्हणजे ‘शामानिक जर्नी’, जोरजोरात श्वास घेण्याचं ब्रेथवर्क, पडून करायची योगनिद्रा. यंदा माझ्या भाच्यानं अशा तीन कागदांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, “मामी, डोळे मिटले की मला नुसता काळोख दिसतो. गेलो तर पैसे फुकट जातील काय?”

त्याची शंका रास्त आहे. कागदांवर सगळी भाषा दिसण्याची: गुहा दिसेल, नदी दिसेल, तुमचा ‘पॉवर ॲनिमल’, म्हणजे वाट दाखवणारा प्राणी, दिसेल. पण आतलं सगळ्यांना दिसतंच असं नाही. १८८० साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं लोकांना आपलं न्याहारीचं टेबल डोळ्यांपुढे आणायला सांगितलं होतं. कुणाला ते रंगांसकट लख्ख दिसलं, कुणाला अजिबात नाही. त्यातही काही शास्त्रज्ञ मंडळींना ‘मनातलं चित्र’ हा नुसता बोलण्याचा प्रकार वाटत होता! ज्यांना काहीच दिसत नाही त्यांच्या या वेगळेपणाला ॲडम झेमन हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘ॲफँटेशिया’ हे नाव दिलं. तो आजार नव्हे.

म्हणून भाच्याला म्हटलं, आधी घरीच बघ. आजीच्या अंगणातली तुळस आठव. ती दिसते, की कुठे आहे ते फक्त ठाऊक असतं? की ओल्या मातीचा वास येतो? की आजीचा आवाज ऐकू येतो? जे आधी येईल ती तुझी वाट.

आता ढोलाचा प्रवास. ‘शामान’ म्हणजे आत्म्यांच्या जगात जाऊन येणारा मांत्रिक. शब्द सायबेरियाकडच्या तुंगुसी भाषांतला, पण आपल्याकडे सीझनला जे चालतं ते बहुतेक मायकल हार्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं सुटसुटीत करून मांडलेलं रूप. आडवं पडायचं, डोळ्यांवर फडकं. सेकंदाला चार-पाच ठोक्यांचा एकसुरी ढोल, पंधरा मिनिटं ते अर्धा तास. जमिनीतल्या एखाद्या भोकातून, बिळातून किंवा झाडाच्या मुळांतून खाली उतरायचं आणि शेवटी ताल बदलला की परत यायचं. चित्रं दिसणाऱ्यांची इथे चंगळ असते. मी गेले होते तेव्हा माझ्या शेजारच्या बाईनं गिधाडाची पिसं मोजल्यासारखं वर्णन केलं. पलीकडच्या गृहस्थांना काही दिसलं नव्हतं, कुणीतरी नावानं हाक मारलेली तेवढी ऐकू आली होती. मला? उजव्या तळपायाला गार पाणी लागलं आणि हे आमच्या डिचोलीच्या विहिरीचं पाणी, असं पक्कं कळलं. दिसलं नाही, कुणी सांगितलं नाही, कळलं. मग चालवणाऱ्यानं एकेकाला विचारायला सुरुवात केली, “कुठला प्राणी भेटला?” लाजेकाजेस्तव मी म्हटलं, मांजर.

ढोलाच्या सत्राला जाण्याआधी म्हणूनच एक विचारून घ्यावं: ज्याला काही दिसलं नाही त्याला तुम्ही काय सांगता? ‘अजून सराव हवा’ असं उत्तर आलं तर चित्र न दिसणाऱ्यानं तिथे जाऊ नये. ऐकू येणं, अंगाला जाणवणं, नुसतं कळणं हेही ज्याच्या लेखी पोचणं आहे, तिथे जावं.

श्वासाच्या सत्रात चित्रांची गरजच पडत नाही. मानसोपचारतज्ज्ञ स्तानिस्लाव ग्रोफ आणि त्यांची पत्नी क्रिस्तिना यांनी १९७०च्या दशकात ‘होलोट्रॉपिक ब्रेथवर्क’ सुरू केलं. मूळ पद्धतीचं सत्र दोन-तीन तास चालतं. जोरजोरात श्वास घेत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांना-हातांना मुंग्या येतात, बोटं आखडतात. त्यात काही दैवी नाही, हे आधी ठाऊक असलेलं बरं. त्यापुढे कुणी रडतं, कुणी थरथरतं, कुणाला वर्षानुवर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. ज्यांचं मन अंगातून बोलतं त्यांना हे भिडतं. पण हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, अपस्मार, काचबिंदू, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गंभीर मानसिक आजार असेल तर इथे जाऊ नये. नाव नोंदवताना तब्येतीचं कुणी काहीच विचारलं नाही, तर दारातूनच मागे फिरावं.

योगनिद्रा सगळ्यांत सौम्य. स्वामी सत्यानंद सरस्वतींनी घडवलेल्या प्रकारात आधी एकेका अवयवावर लक्ष फिरतं, मग जड-हलकं, गरम-गार अशा जोड्या, आणि चित्रं त्यानंतर, तीही भराभर. एखादं नाही दिसलं तर पुढचं येतं, कुणी हिशेब मागत नाही. धोका एवढाच की झोप लागते. मी घोरले, असं शेजारणीनं सांगितलं.

आमच्या गावात कुणी म्हणेल, हे कशाला, आपल्याकडे अवसर, म्हणजे अंगात येणं, आहेच की. पण ती गोष्ट वेगळी. ढोलाच्या प्रवासात माणूस जातो. अवसरात देव येतो, भार येतो. शिमग्यात साळ गावचे गडे, म्हणजे अंगात भार आलेले गावकरी, धावतात ते नाव नोंदवून नव्हे. ते गावाचं आहे, त्याला या यादीत बसवू नये.

आणि ‘प्रवास खोल होईल’ म्हणून कुणी नशेचे मशरूम किंवा डीएमटी हे भास घडवणारं रसायन पुढे केलं तर सरळ उठावं. त्या मशरूममधलं सायलोसिबिन आणि डीएमटी, दोन्ही १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात.

भाच्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. तुळस दिसली नाही, पण आजीची “यो रे जेवपाक” (ये रे जेवायला) ही हाक तिच्या आवाजात, तिच्या हेलात ऐकू आली. तो लहानपणापासून घुमट हे मातीचं तालवाद्य वाजवतो, तेव्हा मला नवल वाटलं नाही. बालपणी त्याला फिट यायच्या, त्यामुळे श्वासाचं सत्र बादच. आधी एकदा योगनिद्रा आणि मग ढोल, असं मी सुचवलं. एकसुरी तालाचा कंटाळा न येणारी माणसं थोडी असतात, आणि हा त्यांतला आहे.

रविवारी चाललाय. काल परत मेसेज: “प्राणी विचारला तर काय सांगू?”

मी कळवलं, जे ऐकू येईल ते सांग. मांजर मात्र सांगू नकोस, ते मी घेतलंय.