मुरबाडच्या दोन एकरांत म्हैस की आंबा?

ठाण्या-कल्याणकडच्या लग्नांत पंगत उठली की हा विषय निघतोच. गावाला दोन एकर वरकस (भात न पिकणारी माळाची जमीन) पडून आहे, गवत कापून नेणारा वर्षाचे जेमतेम पैसे टेकवतो, आणि सरकार एवढं देतंय तर आपणही काहीतरी करावं, असं प्रत्येकाला वाटतं. यंदा मला मेव्हण्याने गाठलं. नोकरी ऐरोलीत, जमीन मुरबाड तालुक्यात, गावी आईवडील आणि धाकटा भाऊ. "दोन म्हशी घेऊ की कलमं लावू?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

किती पैसे मिळतात हे नंतर. ते कधी आणि कशावर मिळतात, हे आधी बघा.

पशुसंवर्धन विभागाच्या नाविन्यपूर्ण योजनेत दोन दुधाळ जनावरांचा गट मिळतो. गाय 70,000 आणि म्हैस 80,000 रुपयांची धरतात, वर तीन वर्षांचा विमा. अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदान, बाकीच्यांना 50. म्हणजे मेव्हण्याला दोन म्हशींसाठी विम्यासकट नव्वद हजारांच्या आसपास स्वतःचे घालायचे. अर्ज ऑनलाइन भरायचा, निवड झाली तर झाली. पण म्हैस एकदा दावणीला बांधली की योजनेचं काम संपलं. पेंड, चारा, डॉक्टर आणि दूध नसलेला भाकड काळ सगळं तुमच्या अंगावर. रोजगार हमीतून दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला 2021 च्या निर्णयाप्रमाणे 77,188 रुपये धरलेले आहेत, पण त्याला जॉबकार्ड, म्हणजे रोजगार हमीच्या मजुराचं नोंदणीपत्र, लागतं. ऐरोलीच्या पगारदाराकडे ते कुठून येणार? भावाच्या नावावर बघावं लागेल. खेळत्या भांडवलाला पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड बरं पडतं: दोन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर व्याज 4 टक्क्यांवर येतं.

आता लोक ज्याच्या भरवशावर उडी मारतात ते लिटरमागचं अनुदान. 2024 मध्ये राज्य सरकारने आधी 5 आणि ऑक्टोबरपासून 7 रुपये दिले, हे खरं. पण ते गाईच्या दुधाला होतं, तेही सहकारी संघाला किंवा खासगी डेअरीला घातलेल्या, आणि कानात बिल्ला असलेल्या जनावराच्या. आपल्याकडचा धंदा बहुतेक म्हशीचा, किटलीतून थेट बिल्डिंगीत रतीब घालण्याचा. त्यात भाव चढा मिळतो, पण हे अनुदान त्या किटलीत पडत नाही. पुणे-नगरकडच्या बातम्या वाचून मुरबाडचा हिशेब मांडू नका.

आणखी एक. व्यापाऱ्याच्या गोठ्यात नऊ लिटर दिलेली म्हैस आमच्या चुलत्यांकडे आल्यावर पाचावर आली. व्यापारी म्हणाला, पाणी बदललं. तेव्हापासून चुलते सलग तीन धारा समोर बसून काढून घेतल्याशिवाय जनावराला हात लावत नाहीत. अनुदानातली म्हैस असली तरी हे चुकवू नका.

फळबागेचं चक्र उलटं. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना 2018 पासूनची. कोकणात 10 गुंठ्यांपासून 10 हेक्टरपर्यंत बसते (घाटावर वरची मर्यादा 6 हेक्टर), म्हणजे आपल्याला मोकळीक आहे. अनुदान 100 टक्के म्हणतात, पण ते खड्डे, कलमं, औषधफवारणी, नांग्या भरणं (मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावणं) अशा ठरलेल्या कामांना. जमीन तयार करणं, आंतरमशागत आणि कुंपण तुमच्या खिशातून. पैसे तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असे येतात, आणि पुढचे हप्ते जिवंत झाडं मोजून: दुसऱ्या वर्षी 80 टक्के, तिसऱ्या वर्षी 90 टक्के जगलेली हवीत. प्रमाण त्याखाली गेलं, तर स्वखर्चाने झाडं आणून परत लावायची. सहायक कृषी अधिकारी, गावात अजून ज्यांना कृषी सहायकच म्हणतात, ते येऊन एकेक कलम मोजतात.

मुरबाड-शहापुरात कलम मरतं ते एप्रिल-मे महिन्यांत. पाऊस धो धो पडतो, भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. त्यात वणवा. पहिली दोन वर्षं बांधावरचं सुकं गवत वेळेत कापून जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढली नाही, तर एका दुपारी सगळं अनुदान करपून जातं. विहीर किंवा बोअर मेपर्यंत टिकत नसेल, तर दोन एकरांचा हट्ट सोडा, 20 गुंठे लावा. दहा बाय दहा मीटरवर दोन एकरांत ऐंशीच कलमं बसतात, पाच बाय पाचवर तीनशे वीस, पण मग दरवर्षी छाटणी आलीच. मधल्या चार-पाच वर्षांत आंब्याचं उत्पन्न धरू नका.

अल्पभूधारक असाल आणि जॉबकार्ड असेल, तर आधी रोजगार हमीतली फळबाग. तिथे 5 गुंठ्यांपासून चालतं. फुंडकर योजनेतही ज्यांचं पोट फक्त शेतीवर आहे त्यांना प्राधान्य, तेव्हा नोकरदाराने रांगेत मागे राहायची तयारी ठेवावी. फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक, आधी काढून घ्या, त्याशिवाय कृषी विभागाच्या योजनांचा अर्ज पुढे सरकत नाही.

माझं मत सरळ आहे. पहाटे चारला उठणारा माणूस घरात असेल आणि तो पुढची दहा वर्षं उठणार असेल, तरच म्हशी. मेव्हण्याचा भाऊ कंपनीची बस धरायला साडेपाचला निघतो. म्हशी शेवटी सासूबाईंच्या गुडघ्यांवर येणार. म्हणून मी आंबा सांगितला, अर्ध्या जमिनीवर, आणि शेणखतापुरती घरची एक गाय.

त्याला पटलंय. फक्त सातबारा सामाईक आहे, सगळ्यांची संमतीपत्रं लागतात, आणि सध्या गाडी डोंबिवलीच्या आत्याच्या सहीपाशी अडली आहे. आत्या म्हणते, आधी दरवर्षीच्या पहिल्या पेटीचं बोला.